कॉलिकचं बाळ, मेलबर्नमध्ये: कायरोप्रॅक्टर की एमसीएच नर्स

मेलबर्नमध्ये बाळ झालं आणि ते रोज संध्याकाळी जीव तोडून रडायला लागलं, वर पाजलेलं दूध खांद्यावर ओकायला लागलं, की ओळखीतलं कुणीतरी कायरोप्रॅक्टरचा (मणका-सांधे हाताने हाताळून उपचार करणाऱ्याचा) नंबर देतंच. आणि दुसरं कुणीतरी सांगतं की आधी एमसीएच (मॅटर्नल अँड चाइल्ड हेल्थ, म्हणजे आई-बाळाची तपासणी करणाऱ्या) नर्सला दाखव. आम्ही दोन्ही केलंय. कॉलिक म्हणजे धडधाकट बाळाचं कारण न सापडणारं तासन्तास रडणं, रिफ्लक्स म्हणजे पाजलेलं दूध परत वर येणं; बाकी तुम्ही रात्री तीनला शोधून वाचलं असणारच, ते सोडतो.

आधी कायरोप्रॅक्टर, कारण लोक समजतात तेवढं ते भयंकर नव्हतं. निवांत बसवून सगळं विचारलं, डिलिव्हरी कशी झाली, फोर्सेप (चिमटा) लागले का, मान एकाच बाजूला वळवतो का वगैरे. जीपीकडे (फॅमिली डॉक्टरकडे) एवढा वेळ मिळत नाही. कडाकड मोडामोड काही नाही, बोटाच्या टोकाने हलकं दाबणं, बस. माझी आई पुण्याहून आली होती ती म्हणाली एवढंच असेल तर मी तेल लावून फुकटात करते.

हे २०२४ च्या सुरुवातीचं. दोन वर्षांखालच्या मुलांचा मणका मॅनिप्युलेट करायला (हाताने झटका देऊन हलवायला) इथल्या कायरोप्रॅक्टिक बोर्डाने २०१९ मध्येच मनाई केली होती, मेलबर्नच्याच एका कायरोप्रॅक्टरचा दोन आठवड्यांच्या बाळाला उलटं धरल्याचा व्हिडिओ गाजला त्यानंतर. २०२३ च्या शेवटी बोर्डाने ती उठवली आणि जून २०२४ मध्ये आरोग्यमंत्र्यांनी दट्ट्या लावल्यावर परत घातली. त्यामुळे कुठे गेलात तर नक्की काय करणार हे आधी विचारा.

मला मात्र नडली ती गाडी. क्लिनिक लांब, फ्रीवेवरून बरंच जायचं. पोरगा कारसीटमध्ये घातला की पाच मिनिटांत ढाराढूर. तिकडे उठायचा, त्याचं दाबून व्हायचं, परत येताना पुन्हा झोप, आणि ती संध्याकाळ जरा बरी जायची. बायको म्हणे बघ गुण आला, मी म्हणे गुण टायरचा. मग एकदा संध्याकाळी क्लिनिक वगळून त्याला नुसताच वेरिबीच्या बाजूला फिरवून आणला, तरी तेच, शांत. आता यावरून काही सिद्ध होत नाही हे मान्य, पण साधारण सहाव्या आठवड्याला कॉलिक सगळ्यात जोरात असतो आणि तीन-चार महिन्यांत बहुतेकांचा आपोआप जातो, आम्ही गेलो सातव्या आठवड्यात, म्हणजे पैसे नक्की कशाचे देतोय तेच कळेना. आणि निघताना काउंटरवर पुढची अपॉइंटमेंट ठरलेली, हे थांबणार कधी ते कुणी बोलत नाही.

नंतर वाचलं की २००१ मध्ये नॉर्वेत ८६ बाळांवर हेच करून बघितलं होतं. साधारण अर्ध्यांना कायरोप्रॅक्टरने हाताळलं, बाकीच्यांना नर्सने नुसतं दहा मिनिटं धरून ठेवलं, आईवडिलांना कळू दिलं नाही कुणाचं काय. दोन्हीकडची बरीच बाळं सुधारली, म्हणण्यासारखा फरक निघाला नाही.

नर्सचं उलटं. फुकट आहे, दरवेळी वजन करते, पाजताना बघते, पण हातात काही पडत नाही, रडणारं पोर घेऊन जायचं आणि रडणारंच घेऊन यायचं. बायकोला ते फार लागलं, आणि तिचं चूक नव्हतं. आमच्या नर्सचं म्हणणं एकच, वजन नीट वाढतंय ना, मग ओकणं हा धुण्याचा प्रश्न आहे, अॅसिडचं औषध नको. जीपीनेही तेच सांगितलं, वर बायकोला दोन-चार आठवडे दूधदुभतं बंद करून बघायला सांगितलं. ओकणं थोडं कमी झालं असं वाटलं खरं, चहा मात्र गेला. माझ्या आईला बाळाच्या डोक्याखाली उशी हवी होती, नर्सने तीही काढायला लावली, पाठीवर आणि सपाटच झोपवायचं म्हणाली.

ज्यांना कायरोप्रॅक्टरचा गुण आला ते खोटं बोलतायत असं नाही म्हणत मी. पैसे असतील, क्लिनिक जवळ असेल, मणक्याला हात लावणार नसतील, तर जा बापडे. पण मी तरी आधी वजनकाट्याकडे जाईन, आणि रात्री धीर सुटला तर व्हिक्टोरियात १३ २२ २९ वर नर्स चोवीस तास बोलते. ओकारी हिरवी असेल, रक्त दिसलं, दूध कारंज्यासारखं लांब उडायला लागलं किंवा तीन महिन्यांखालच्या बाळाला ३८ च्या वर ताप आला तर मात्र दोघांपैकी कुणाचीच वाट बघू नका, सरळ इमर्जन्सी.