काळ्या खिडकीतला नंबर

आमच्या लालबागच्या चाळीत नेट देणारा मुलगा प्रत्येक कनेक्शन एकेका मशीनच्या मॅक ॲड्रेसला, म्हणजे त्याच्या नेटवर्क कार्डाच्या स्वतःच्या क्रमांकाला, बांधून ठेवतो. जूनमध्ये माझ्या कॉम्प्युटरचा मदरबोर्ड जळला, नवा टाकला आणि नेट बंद. "ताई, नवीन मॅक ॲड्रेस व्हॉट्सॲप करा," तो म्हणाला. कुठे बघायचा ते विचारायची लाज वाटली. २० तारखेच्या आत चार दुकानांचं जीएसटी रिटर्न भरायचं होतं. मोबाइलवर शोधलं आणि पहिल्याच दिसलेल्या 'हेल्पलाइन'ला फोन लावला.

पलीकडचा माणूस हिंदीत बोलणारा, अगदी गोड. सर्चमध्ये 'सीएमडी' टाका, काळी खिडकी उघडेल, त्यात 'असॉक' लिहून एंटर मारा. लांबलचक यादी सरसर सरकली. शेवटच्या ओळींत 'झेडएफसेंडटूटार्गेट' आणि पुढे भलामोठा क्रमांक. "मॅडम, यही आपका हार्डवेअर ॲड्रेस है. मैं पढ़ता हूँ, आप मिलाइए." ८८८डीसीए६० पासून शेवटच्या ०६२ पर्यंत एक आकडा चुकला नाही. माझ्या खोलीतल्या मशीनचा नंबर याला माहीत! पुढचं सगळं त्या धक्क्यात झालं. या नंबरवरून व्हायरस पसरतोय, आजच बंद करावा लागेल, ४,९९९ रुपये. मी यूपीआयने भरले. नेटच बंद असताना व्हायरस पसरणार कुठून, हे तेव्हा सुचलं नाही.

संध्याकाळी शेजारच्या डिप्लोमावाल्या मुलाने स्वतःच्या लॅपटॉपवर तीच आज्ञा दिली. तोच क्रमांक, जसाच्या तसा! 'असॉक' म्हणजे फाइलच्या नावामागचं शेपूट (एक्स्टेंशन) कुठल्या फाइल-प्रकाराशी जोडलंय त्याची यादी, आणि तो क्रमांक विंडोजच्या झिप फोल्डरवाल्या भागाचा. सगळ्या विंडोज मशीनवर एकच.

खरा पत्ता त्याच काळ्या खिडकीत मिळाला. 'आयपीकॉन्फिग', मग एक मोकळी जागा, तिरकी रेघ (/), 'ऑल'. 'फिजिकल ॲड्रेस'समोर दोन-दोन अक्षरांच्या सहा जोड्या, पहिल्या तीन कार्ड बनवणाऱ्या कंपनीच्या. वायफायचा वेगळा, वायरचा वेगळा. आमच्याकडे वायर येते म्हणून 'इथरनेट'खालचा पाठवायचा. हा पत्ता राउटरच्या पलीकडे जातच नाही, मग परक्या माणसाला तो फोनवर कसा वाचता येणार?

सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार केली. तक्रारीचा क्रमांक मिळालाय, पैसे नाहीत. खरा पत्ता पाठवल्यावर नेट दहा मिनिटांत सुरू झालं. नेटवाला मुलगा म्हणाला, "ताई, मला विचारायचं ना, फोनवरच सांगितलं असतं."