डुकरांसाठी निपल ड्रिंकर: वस्तू चांगली, पण बसवताना लक्ष हवं

मांसासाठी पहिल्यांदाच दोन-तीन डुकरं पाळताना खाद्याचा हिशेब सगळे करतात, पाण्याचा राहून जातो. उघड्या टबात डुक्कर आधी पाय घालतं, मग लोळतं, शेवटी टबच उलटा करतं. त्यापेक्षा अर्ध्या इंची आट्यांचा स्टीलचा निपल ड्रिंकर, म्हणजे डुकराने तोंडाने दाबला की पाणी सोडणारी पाइपला जोडायची तोटी, कितीतरी बरा. पाणी स्वच्छ राहतं, जमीनही कमी चिखलते.

निपल आडवा बसवला तर तो सर्वांत लहान पिल्लाच्या खांद्याइतक्या उंचीवर हवा. डुकरं झपाट्याने वाढतात, म्हणून पाइप क्लॅम्पने वर सरकवता येईल असाच ठेवा. मग निपल दाबून एक मिनिट पाणी मापात धरा. दूध तोडलेल्या पिल्लांना अर्धा ते एक लिटर पुरे, मोठ्या डुकरांना एक ते दीड लिटर हवं. धार बारीक असली की डुक्कर कमी पितं, म्हणून कमी खातं आणि वाढ खुंटते.

खरी अडचण ड्रमवर जोडल्यावर येते. एक मीटर उंचीवरच्या ड्रमचा दाब जेमतेम 0.1 बार असतो. जास्त दाबाचा निपल त्यावर नुसता ठिबकतो. कमी दाबाचाच मागून घ्या आणि आतली जाळी नियमित धुवा.

दहा डुकरांना एक निपल पुरतो, तरी दोन बसवाच. एकुलता एक तुंबला आणि पाणी बंद राहिलं, तर खाद्यातल्या मिठाचीच विषबाधा होऊन जनावर दगावू शकतं. रोज सकाळी दोन्ही निपल बोटाने दाबून पाहा.