मागणीनुसार बर्न केलेली सीडी की डाउनलोड? जुने पॉप अल्बम जमवणाऱ्यांसाठी

१९५० आणि १९६० च्या दशकांतले पॉप अल्बम जमवायला घेतले की एक पेच हमखास समोर येतो. हवा तो अल्बम पुन्हा निघालेला असतो, पण कारखान्यात प्रेस केलेली सीडी म्हणून नाही. एक तर तुमची ऑर्डर गेल्यावर कोऱ्या सीडी-आरवर बर्न करून पाठवतात, नाहीतर डाउनलोड घ्यायला सांगतात. विक्रेत्याच्या पानावर अशा अल्बमच्या माहितीत तो ऑर्डरनंतर सीडी-आरवर तयार होईल, अशी एक ओळ बहुधा असते. ती आधी शोधा, कारण चित्रावरून दोन्ही सीडी सारख्याच दिसतात.

माझं मत आधीच सांगतो. लॉसलेस डाउनलोड (आवाजातलं काहीही न गाळणारी फाइल) मिळत असेल तर तेच घ्यावं. डाउनलोड फक्त एमपी३ असेल किंवा डिस्कसोबत खरोखर चांगली पुस्तिका येत असेल, तर डिस्क घ्यावी. मात्र या दोन्हींपेक्षा महत्त्वाचा प्रश्न वेगळाच आहे: फाइल मूळ रेकॉर्डिंगच्या कोणत्या टेपवरून बनवली?

मुळात ही पद्धत वाईट नाही. सीडी प्रेस करायची तर काचेचा मास्टर आणि त्यावरून साचा बनवावा लागतो, आणि तो खर्च शेकडो प्रतींवर विभागला गेला तरच परवडतो. विस्मरणात गेलेल्या गायिकेच्या अल्बमला एवढं गिऱ्हाईक कुठून येणार? मोझेस ॲश यांनी १९४८ मध्ये सुरू केलेली फोकवेज कंपनी १९८७ मध्ये स्मिथसोनियनकडे गेली, ती सगळे २,१६८ अल्बम कायम उपलब्ध ठेवायच्या अटीवर. ते संगीत पॉप नव्हे, पण अशी अट पाळणं मागणीनुसार बनवलेल्या प्रतींमुळे शक्य झालं.

आता डिस्क हातात घेऊन पाहू. प्रेस केलेल्या सीडीत सूक्ष्म खड्डे प्लास्टिकमध्येच उमटवलेले असतात. सीडी-आरमध्ये त्याऐवजी सेंद्रिय रंगाचा थर असतो आणि लेझर त्यावर खुणा करतो. ऊन, उष्णता आणि दमट हवा यांनी हा थर खराब होतो. चांगल्या प्रतीची डिस्क नीट ठेवली तर वर्षानुवर्षं चालते. हलकी डिस्क काही वर्षांतच अडखळायला लागते. विक्रेता कोणती कोरी डिस्क वापरतो हे पानावर सहसा लिहिलेलं नसतं. उजेडात उलटी धरली की फरक दिसतो: प्रेस केलेली सीडी स्वच्छ चंदेरी दिसते, सीडी-आरला हिरवट, निळसर किंवा सोनेरी झाक असते. वर कागदी लेबल चिकटवलेलं असेल तर ती डिस्क मी टिकाऊ धरत नाही. कागद आक्रसला की डिस्क नीट फिरत नाही.

म्हणून सीडी-आर आली की त्याच दिवशी ती रिप करून, म्हणजे संगणकावर फाइल म्हणून उतरवून ठेवावी. एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी या संगणक प्रोग्राममध्ये प्रत्येक ट्रॅक दोनदा वाचून दोन्ही वाचनांचे सीआरसी आकडे (वाचलेल्या माहितीवरून काढलेले पडताळणीचे आकडे) ताडून बघायची सोय आहे. एरवी आपला रिप इतरांच्या रिपशी जुळतो का हे बघून खात्री करता येते, पण बर्न केलेली आवृत्ती घेणारे थोडे, त्यामुळे जुळवायला दुसरा रिप मिळेलच असं नाही. आकडे जुळले नाहीत तर परत करायची मुदत संपायच्या आत कळतं, हा मोठा फायदा.

आवाजाच्या बाबतीत हिशेब सोपा आहे. सीडीचा आवाज ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिटचा, म्हणजे सेकंदाला १,४११ किलोबिट. एमपी३ची कमाल मर्यादा ३२०. फ्लॅक या लॉसलेस प्रकारात सीडीचा बिट न् बिट शाबूत राहतो, तरी फाइल साधारण अर्धी होते. चाळीस मिनिटांचा अल्बम मूळ रूपात ४०० एमबीच्या आसपास, फ्लॅकमध्ये त्याच्या निम्मा, ३२०च्या एमपी३मध्ये शंभराच्या आत. फ्लॅक मिळत असताना डिस्क आवाजात काहीच जास्त देत नाही. हवी तेव्हा आपली सीडी आपणच बर्न करता येते, आणि तीही स्वतः निवडलेल्या डिस्कवर.

उलट धोका असा की डिस्कच एमपी३वरून बर्न केलेली असते. ऑडॅसिटी या आवाज-संपादनाच्या प्रोग्राममध्ये ट्रॅक उघडून स्पेक्ट्रोग्रॅम, म्हणजे कोणत्या उंचीचा आवाज किती आहे हे दाखवणारं चित्र, बघावा. १२८ किलोबिटच्या एमपी३मध्ये १६ किलोहर्ट्झच्या आसपास सगळं सरळ रेषेत कापलेलं दिसतं. जुन्या रेकॉर्डिंगमध्ये तेवढ्या वर वाद्यांचा आवाज फारसा नसतो हे खरं, पण टेपची सळसळ असतेच. तीसुद्धा भिंत बांधल्यासारखी एकाच रेषेवर थांबली तर समजून जावं.

आता टेपचा प्रश्न. युरोपीय संघात रेकॉर्डिंगवरचा हक्क पूर्वी ५० वर्षांचा होता. नोव्हेंबर २०१३ पासून तो ७० वर्षांचा झाला, पण आधीच मुक्त झालेली रेकॉर्डिंग पुन्हा हक्काखाली आली नाहीत. त्यामुळे १९६२ पर्यंत बाजारात आलेले अल्बम तिथे कोणीही काढू शकतं, आणि काढतातही. डाउनलोडच्या दुकानात एकच अल्बम चार वेगवेगळ्या मुखपृष्ठांसह दिसतो तो यामुळे. त्यातला एखादा मेहनतीने केलेला असतो, तर एखादा वापरलेल्या एलपीवरून उतरवून, खरखर काढण्याच्या नादात ड्रमवादकाच्या ब्रशचा झांजांवरचा स्पर्श आणि गायिकेचा श्वाससुद्धा पुसून टाकलेला. नमुना ऐकायची सोय डाउनलोडला असते. हेडफोन लावून प्रत्येक आवृत्तीतलं तेच एक गाणं ऐका, शक्यतो मंद लयीचं, कमी वाद्यांचं. कोणत्या फाइलमधून डिस्क बर्न होणार हे माहीत नसताना पैसे देण्यापेक्षा हे केव्हाही बरं.

खोट्या स्टिरिओकडेही लक्ष हवं. १९५० च्या दशकातले बरेच अल्बम मोनो, म्हणजे दोन्ही बाजूंना एकच आवाज असलेले होते. पुढे स्टिरिओची चलती झाल्यावर कंपन्यांनी तेच अल्बम कृत्रिम स्टिरिओ करून विकले. कॅपिटलच्या डुओफोनिक पद्धतीत एका बाजूला खर्ज कापायचे, दुसऱ्या बाजूला तार स्वर कापायचे, आणि मध्ये किंचित वेळेचा फरक ठेवायचे. पुनर्प्रकाशनासाठी कपाटातून हीच टेप निघाली तर गाणं बोगद्यातून आल्यासारखं वाटतं. फ्लॅक हाताशी असेल तर एक युक्ती: खऱ्या मोनोत दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या असल्याने फाइल तेवढ्याच लांबीच्या स्टिरिओपेक्षा बरीच लहान होते. मोनो म्हणून विकलेल्या अल्बमची फाइल फुगलेली असेल तर शंका घ्यावी.

पुस्तिकेच्या बाबतीत दोन्ही पर्याय बहुधा निराश करतात. मला हे फार लागतं, कारण या संगीतात संयोजकाचं (गाण्याचा वाद्यमेळ रचणाऱ्याचं) नाव गायकाइतकंच मोलाचं. नेल्सन रिडल आणि बिली मे या संयोजकांच्या वाद्यवृंदातला फरक चार सुरांत कळतो, पण आतल्या कागदावर नुसती गाण्यांची यादी असेल तर नव्या श्रोत्याला तो कळणार कसा? फोकवेज आपल्या जुन्या पुस्तिका पीडीएफमध्ये देते. तसं कोणी देत असेल तर डाउनलोडची उणीव बरीचशी भरून निघते. डिस्कसोबत फक्त एका पानाचं मुखपृष्ठ येत असेल, तर त्यासाठी जास्त पैसे मोजू नयेत.

डिस्कची एक जमेची बाजू मात्र नाकारता येत नाही: ती विकता येते, देऊन टाकता येते. अमेरिकेत रीडिजी नावाच्या कंपनीने वापरलेल्या डाउनलोडचा बाजार उघडला होता. कॅपिटल रेकॉर्ड्सने खटला भरला आणि २०१८ मध्ये अपील न्यायालयानेही रीडिजीच्या विरोधात निकाल दिला. संग्रह पुढे विकायचा विचार असेल तर ही बाब ध्यानात ठेवावी. डाउनलोडचं दुकान बंदही पडू शकतं, म्हणून फाइल खरेदीनंतर लगेच उतरवून दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवावी.

थेट कार्यक्रमाचे अल्बम घेताना आणखी एक तपासावं. निष्काळजीपणे बर्न केलेल्या डिस्कवर प्रत्येक गाण्यानंतर दोन सेकंदांची शांतता येते आणि टाळ्या मध्येच तुटतात. फ्लॅकमध्ये ही अडचण नाही.

आणि ऑर्डर द्यायच्या आधी एकदा वापरलेल्या सीडींच्या बाजारात नजर टाकावी. त्या काळचे एलपी बहुधा अर्ध्या-पाऊण तासाचे, त्यामुळे बऱ्याच अल्बमच्या जोड्या पूर्वी एकाच प्रेस केलेल्या सीडीवर निघाल्या आहेत. मागच्या पानावर मूळ टेपचा उल्लेख आणि आत संयोजकाचं नाव सापडलं, तर बर्न केलेली डिस्क आणि डाउनलोड दोन्ही बाजूला ठेवून मी ती जुनी सीडीच घेतो.