मॅकवर पोस्टग्रेसचं मेक चेक अडतंय? एसआयपी बंद करायचं की नाही

जुळे सोलापुरात माझ्याकडे शिकायला येणारी पोरं परत परत हेच विचारतात म्हणून सविस्तर लिहितोय. सोर्सवरून पोस्टग्रेस हा डेटाबेस घेतलं, मेक (म्हणजे बिल्ड) नीट झालं आणि मेक चेक (म्हणजे त्याच्या टेस्ट) मारल्यावर 'लायब्ररी नॉट लोडेड' अशी एरर, नाव लिबपीक्यूचं, म्हणजे पोस्टग्रेसशी बोलायच्या लायब्ररीचं. कोड चुकलेला नसतो. 2015 च्या एल कॅपिटनपासून मॅकमध्ये एसआयपी (सिस्टीम इंटिग्रिटी प्रोटेक्शन, सिस्टीमला हात लावू न देणारं संरक्षण) आहे, ते सिस्टीमचा शेल (कमांड चालवणारा प्रोग्राम) सुरू होताना डीवायएलडीवाले, म्हणजे लायब्ररी कुठं शोधायची ते सांगणारे, व्हेरिएबल काढून टाकतं, आणि टेस्ट सगळ्या शेलमधूनच जातात, मग लायब्ररीचा पत्ता वाटेतच गळतो.

सगळ्यात सोपं म्हणजे मॅक रिकव्हरी मोडमध्ये सुरू करून सीएसआरयूटिल डिसेबल ही कमांड, म्हणजे एसआयपीच बंद. पोस्टग्रेसच्या डॉक्युमेंटेशनमध्येच लिहिलंय की त्यांचे बहुतेक डेव्हलपर हेच करतात. पण माझ्या लॅपटॉपवर अक्कलकोट रोडच्या टॉवेलवाल्याचा अख्खा स्टॉक आणि उधारी आहे, तिथं मी हे करणार नाही, तुम्हीही करू नका.

दुसरा उपायही तिथंच दिलाय, मेक चेकच्या आधी मेक इन्स्टॉल. प्रिफिक्स (इन्स्टॉल कुठं करायचं तो पत्ता) होम फोल्डरमधला द्या, सुडो (अ‍ॅडमिनचे अधिकार) लागत नाही. एक गोष्ट मात्र नीट लक्षात ठेवा, टेस्ट मग इन्स्टॉल केलेली लायब्ररी उचलते, तुम्ही आत्ता बिल्ड केलेली नाही. मी लिबपीक्यूत एक ओळ बदलली, इन्स्टॉल करायचं राहिलं, सगळ्या टेस्ट पास झाल्या आणि मी खुशीत झोपलो, सकाळी ओटूल मायनस एल (प्रोग्राम कुठली लायब्ररी घेतो ते दाखवणारी कमांड) मारलं तेव्हा कळलं की जुनीच फाईल लोड होत होती. तेव्हापासून दोन्ही कमांड मी एकाच ओळीत लिहितो, मधे अँड अँड (&&) टाकून.

होमब्रूचा बॅश, म्हणजे मॅकच्या शेलऐवजी वेगळा इन्स्टॉल केलेला शेल, लावून बघा असंही सांगतात, पण टेस्टमध्ये कुठंतरी सिस्टीमचा शेल येतोच आणि परत तेच, त्यात वेळ घालवू नका.

रोज लिबपीक्यूमध्येच हात असेल तर लिनक्सचं व्हीएम (मॅकच्या आत चालणारं आभासी मशीन) लावा, तिथं ही भानगडच नाही, फक्त 8 जीबी रॅमवर जड जातं. एम सिरीजचा (अ‍ॅपलच्या स्वतःच्या चिपचा) मॅक असेल तर अजून एक वाट आहे, वेगळ्या व्हॉल्यूमवर दुसरं मॅकओएस टाकून एसआयपी फक्त तिथंच बंद करायचं, कारण या मशीनवर ती सेटिंग प्रत्येक सिस्टीमची वेगळी असते. इंटेल चिपच्या मॅकवर ती अख्ख्या मशीनला लागते, तिथं व्हीएमच बरं.