मंद वायफाय: डोंगल घ्यावा की आतलं कार्डच बदलावं?

घरात फायबर आहे, मोबाइलवर सगळं झरझर चालतं आणि नवा लॅपटॉप मात्र साधं पान उघडायला वेळ लावतो. अशा वेळी राउटर बदलायच्या आधी विंडोजमध्ये वायफायच्या प्रॉपर्टीज उघडून बँड (वायफाय कोणत्या लहरींवर चालतंय ते) आणि लिंक स्पीड (लॅपटॉप आणि राउटरमधला वेग) बघा. बँड २.४ गिगाहर्ट्झ दिसत असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये ५ गिगाहर्ट्झला प्राधान्य द्या. इमारतीत घरोघरी राउटर असतात आणि २.४ वर एकमेकांत न मिसळणारी चॅनेल्स तीनच, १, ६ आणि ११, म्हणून तिथे गर्दी होते. बऱ्याच जणांचा प्रश्न इथेच सुटतो.

५ गिगाहर्ट्झवर राउटरजवळ बसूनही लिंक ४३३ एमबीपीएसच्या वर जात नसेल, तर बहुधा आत एका अँटेनाचं वायफाय ५ (वायफायची एक जुनी पिढी) कार्ड आहे. स्वस्तातल्या लॅपटॉपमध्ये ते सर्रास असतं, माझ्यातही होतं. राउटर समोर असेपर्यंत ठीक, दोन भिंती आड गेलो की मीटिंग अडखळायची.

मी आधी यूएसबी डोंगल, म्हणजे पोर्टमध्ये खोचायचं छोटं वायफाय उपकरण, वापरला. वेग खरोखर वाढला, लॅपटॉप उघडावा लागला नाही, वॉरंटीचा प्रश्न नाही. यूएसबी ३ पोर्टचा रेडिओ गोंगाट २.४ च्या लहरींना त्रास देतो, पण ५ वर असाल तर त्याची फिकीर नको, आणि छोटी एक्स्टेन्शन केबल लावून डोंगल लांब ठेवता येतो.

माझं मन उडालं ते वेगळ्याच गोष्टीवरून. झाकण मिटून पुन्हा उघडलं की डोंगल कधी जागा व्हायचा, कधी नाही. यादीत एकही नेटवर्क नाही. मग उपसा, पुन्हा खोचा, थांबा. वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करू देणारी खूण काढली, ड्रायव्हर बदलला. थोडे दिवस बरं चालायचं आणि नेमकं समोरचे लोक वाट बघत असताना पुन्हा तेच. दुसऱ्या कंपनीचा डोंगल कदाचित नीट वागेल, पण जी गोष्ट दिवसातून अनेकदा मिटायची-उघडायची, तिच्यात हा भरवसा मला सगळ्यात मोलाचा वाटतो.

मग कार्ड बदलून घेतलं, इंटेलचं एएक्स२१०. खालचं झाकण काढायचं, बॅटरीची पिन सोडवायची, एक स्क्रू, आणि अँटेनाच्या दोन बारीक वायरी नेमक्या जागी दाबायच्या. हे शेवटचं काम नाजूक आहे. हाताला सवय नसेल तर दुरुस्तीवाल्याकडून करून घ्या. माझ्या जुन्या वायफाय ५ राउटरशीही लिंक ८६६ वर गेली, ब्लूटूथही नवं मिळालं, आणि झाकण उघडताच नेट हजर असतं.

अर्थात प्रत्येकाला हे जमेलच असं नाही. काही पातळ लॅपटॉपमध्ये वायफाय बोर्डावरच सोल्डर केलेलं असतं, तिथे डोंगलच बरा. काहींमध्ये अँटेनाची वायर एकच असते, मग नव्या कार्डाचा अर्धा फायदा जातो. वॉरंटीबद्दल सर्व्हिस सेंटरला आधी विचारा. आणि दुकानात एएक्स२११ पुढे केलं तर घाई करू नका. दिसायला तसंच असलं तरी ते इंटेलच्या ठरावीक प्रोसेसरांबरोबरच चालतं. एएमडीच्या लॅपटॉपला २१०च मागा.