कूलर की एसी : कडक उन्हाळ्यातली निवड

कडक उन्हाळ्यात घर थंड ठेवण्यासाठी कूलर घ्यावा की एसी, हा प्रश्न बहुतेक जण तापमानाच्या आकड्यावरून सोडवतात. माझ्या मते तो हवेतील आर्द्रतेवरून सोडवायला हवा. कूलरमध्ये पाण्याची वाफ होताना हवेतील उष्णता शोषली जाते, त्यामुळे हवा जितकी कोरडी तितका तो परिणामकारक ठरतो. बाहेर ४२ अंश सेल्सिअस तापमान आणि २० टक्के आर्द्रता असताना चांगल्या पॅडचा कूलर साधारण २८ अंशांची हवा देऊ शकतो. तोच कूलर ३८ अंश आणि ६० टक्के आर्द्रतेत ३२-३३ अंशांच्या खाली सहसा जात नाही, आणि त्या हवेत ओलावा इतका वाढलेला असतो की अंगावरचा घाम वाळत नाही. एसी मात्र खोलीतील उष्णता बाहेर टाकतोच, शिवाय त्याच्या थंड कॉइलवर बाष्पाचे पाणी होऊन ते निथळून जात असल्याने हवा कोरडीही करतो. दमट प्रदेशात एसीला खरा पर्याय नाही, असे मी निःसंकोच सांगेन.

कोरड्या प्रदेशात मात्र कूलरची बाजू भक्कम आहे. घरगुती कूलरला साधारण १५० ते २०० वॅट वीज लागते, तर दीड टनाचा एसी पूर्ण भाराने चालताना सुमारे १,५०० वॅट घेतो. वीज वारंवार जात असेल, तर बॅटरीवर कूलर चालवणे तुलनेने सोपे असते. त्याला पाणी मात्र सतत लागते, टाकी व पॅड नियमित स्वच्छ करावे लागतात आणि ओलसर हवा बाहेर जाण्यासाठी खिडकी उघडी ठेवावी लागते. बाहेर धूळ किंवा धूर असेल, तर ही उघडी खिडकीच अडचणीची ठरते. एसीला याउलट बंद खोली हवी असते. म्हणून दोन्ही एकाच खोलीत एकाच वेळी चालवू नयेत.

एसी घ्यायचे ठरल्यास पुढचा प्रश्न प्रकाराचा येतो. इन्व्हर्टर एसीचा कॉम्प्रेसर गरजेनुसार वेग कमी-जास्त करतो, म्हणून रोज अनेक तास वापर असल्यास तोच घ्यावा. दिवसातून तासभरच लावायचा असेल, तर साध्या एसीवरही भागते. स्प्लिट एसीचा आवाज खोलीत कमी येतो, विंडो एसी बसवणे सोपे असते. एकाच नळीचा पोर्टेबल एसी मात्र शक्यतो टाळावा, कारण तो खोलीतीलच हवा नळीवाटे बाहेर फेकतो आणि तिची जागा घेण्यासाठी फटींमधून बाहेरची गरम हवा आत ओढली जाते.

क्षमतेबाबत एक गोष्ट दुकानात क्वचितच सांगितली जाते. एक टन म्हणजे सुमारे ३.५ किलोवॅट उष्णता बाहेर टाकण्याची क्षमता, परंतु हा आकडा सामान्यतः बाहेर ३५ अंश तापमान धरून मोजलेला असतो. पारा ४५ अंशांवर गेला की क्षमता घटते आणि विजेचा वापर वाढतो. म्हणून तीव्र उष्णतेच्या भागात ४६ अंशांची क्षमताही माहितीपत्रकात दिली आहे का, ते अवश्य पाहावे, आणि बाहेरचे युनिट सावलीत पण मोकळ्या हवेत बसवावे. यावर उपाय म्हणून गरजेपेक्षा फार मोठा एसी घेणेही योग्य नाही, विशेषतः साधा एसी. तो खोली झटकन थंड करतो, मग त्याचा कॉम्प्रेसर थांबतो आणि ओलावा हवेतच राहतो.

जागतिक आरोग्य संघटना एसी २७ अंशांवर ठेवून सोबत पंखा लावण्याचा सल्ला देते, कारण त्यामुळे खोली सुमारे चार अंशांनी अधिक थंड भासते. हीच संघटना ४० अंशांच्या वर केवळ विजेच्या पंख्यावर विसंबू नये, असेही सांगते, कारण तेवढ्या गरम हवेचा झोत शरीराला आणखी तापवू शकतो. त्यामुळे घरात वृद्ध, तान्ही मुले किंवा हृदयविकाराचे रुग्ण असतील आणि वर्षातले काही आठवडे जरी उष्ण व दमट जात असतील, तर कोरड्या दिवसांसाठी कूलर ठेवूनही निदान एका खोलीत एसी बसवावा. ती खोली शक्यतो वरच्या मजल्यावरची किंवा पश्चिमेच्या भिंतीची नसावी, आणि तिच्या खिडक्यांवर बाहेरून सावली करून घ्यावी. काचेतून ऊन आत आल्यानंतर आतला पडदा त्यातली बरीचशी उष्णता अडवू शकत नाही.