जुनं सातफुटी ब्लेड, दुरुस्तीनंतर एक हंगाम: पैसा पात्यावर घालू नका, पिनवर घाला

ट्रॅक्टरच्या मागं लावायचं जुनं लेव्हलिंग ब्लेड बघायला गेलं की विकणारा आधी पातं दाखवतो. नवं पातं, वरून ताजा रंग. पण पातं म्हणजे झिजवून टाकायचीच वस्तू, ते कधीही बदलता येतं. ब्लेडचा जीव असतो मधल्या किंगपिनमध्ये (जिच्याभोवती ब्लेड डावी-उजवीकडं फिरतं ती उभी जाड पिन), भोकांच्या चकतीत (जिच्या भोकात पिन घालून कोन पक्का करतात ती) आणि जोडणीच्या पिनांमध्ये. पाऊस उघडल्यापासून ऊसतोड संपेपर्यंत मुरमाच्या पाणंदी आणि काळं रान, दोन्हीकडं वापरून झाल्यावर हे मत पक्कं झालंय.

ब्लेड सात फुटी, कॅटेगरी दोनच्या (म्हणजे जाड पिनांच्या मापाच्या) जोडणीचं, डावी-उजवीकडं फिरणारं, वजन अडीचशे किलोच्या आसपास. ट्रॅक्टर 45 एचपीचा.

घेताना एवढी एकच तपासणी केली तरी पुरे: ब्लेड फूटभर उचला, एक टोक धरा आणि वर-खाली हलवा. टोक किती हलतंय ते टेपनं मोजा. किंगपिनचं घर साधारण 150 मिमी उंच असतं आणि ब्लेडचं टोक पिनपासून साडेतीन फूट लांब. म्हणजे पिन आणि बुशमध्ये (पिनभोवतीच्या नळीत) फक्त 2 मिमी ढिलाई असली तरी टोकाला 14 मिमी फरक पडतो. टोक दीड सेंटिमीटर वर-खाली होत असेल तर रान सपाट होणार कसं? ड्रायव्हरला मग उगाच बोलणी खावी लागतात. मात्र दोष ब्लेडच्या माथी मारण्याआधी ट्रॅक्टरच्या लोअर लिंकचे (अवजार धरणाऱ्या खालच्या दोन दांड्यांचे) भोकाचे गोळे बघा. कॅटेगरी दोनच्या गोळ्याचं भोक 28 मिमीचं असतं, आणि त्यात कॅटेगरी एकची 22 मिमीची पिन सर्रास ठोकून दिलेली दिसते. सहा मिमीचा मोकळेपणा तिथंच आला. त्याला रिड्युसिंग बुश (भोक लहान करणारी नळी) टाकलं की काम भागतं, फार खर्च नाही.

या ब्लेडची किंगपिन काढून व्हर्नियरनं मोजली तर वरच्या अंगाला 50 मिमी जवळपास शाबूत, खालच्या टोकाला एका बाजूनं 48. झीज कायम खालीच जास्त, कारण माती तिकडून शिरते आणि ग्रीस तिथवर पोचत नाही. अशा पिनवर वेल्डिंगचा थर चढवून ती परत खरादून देणारे आहेत. त्या भानगडीत पडू नये. कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर ईएन-8 ची (मध्यम कार्बनच्या पोलादाची) नवी पिन अर्ध्या दिवसात होते. घर मोठं करून त्यात 6 मिमी जाडीचं स्टीलचं बुश दाबून बसवलं, आतून ग्रीसची खाच, आणि पिन-बुशमध्ये 0.2 ते 0.3 मिमी फट. गनमेटलचं (तांब्याच्या मऊ मिश्रधातूचं) बुश लागतं असं बरेचजण सांगतात. पण ही पिन गरागरा फिरणारी नव्हे. दिवसातून चार-सहा वेळा कोन बदलला तर बदलला. शिवाय मुरमाची कच गनमेटलमध्ये रुतून बसते आणि पिनलाच खाते. स्टील बरं. ग्रीस निपल घराच्या खालच्या तिसऱ्या भागात घ्या, म्हणजे ग्रीस भरताना घाण खालून बाहेर ढकलली जाते. वर-खालचा उरलेला खेळ 3 मिमीचे वॉशर घालून काढायचा. ब्लेड हातानं जड पण सलग फिरलं पाहिजे, कुठं अडकता कामा नये.

चकतीची भोकं 20 मिमीची, ओढून ओढून अंडाकार झालेली. ती भरून परत पाडण्यापेक्षा सगळीच 25 मिमीची करून नवी पिन टाकणं सोपं, फक्त दोन भोकांमध्ये पुरेसा पत्रा उरतोय का ते आधी बघायचं. ही पिन साध्या माइल्ड स्टीलचीच ठेवा. कडक पिन टाकायचा मोह होतो, पण ब्लेडचं टोक दगडाला किंवा गाडलेल्या बांधाच्या डबराला आदळलं की काहीतरी वाकणारच. ते स्वस्तातल्या पिननं वाकावं, सांगाड्यानं नव्हे. एक जादा पिन टूलबॉक्समध्ये असू द्या.

चकतीला वेल्डिंग करायच्या आधी ती बिडाची (ओतीव लोखंडाची) आहे की स्टीलची हे ग्राइंडर टेकवून बघा. स्टीलची ठिणगी लांब, पांढरट-पिवळी जाते. बिडाची आखूड आणि तांबूस. बिडाला साधा रॉड मारला की शेजारून चीर गेलीच समजा, तिथं निकेलचा रॉड लागतो.

सांगाड्यात चिरा होत्या, त्याही ठरलेल्या जागी: टॉपलिंक जोडायचा उभा मास्ट जिथं आडव्या पाइपला मिळतो तिथं. जुन्या मालकानं वरूनच रॉड ओढून रंग मारलेला. अशी चीर नुसती झाकून थांबत नाही. चिरेच्या दोन्ही टोकांच्या किंचित पुढं 5-6 मिमीचं भोक पाडायचं, चीर ग्राइंडरनं ‘व्ही’ आकारात तळापर्यंत उघडायची, आणि 7018 चा (ओल न चालणारा, मजबूत टाक्याचा) वेल्डिंग रॉड लावायचा. वरून 8 मिमी पत्र्याची पट्टी टेकू म्हणून, तीही शंकरपाळ्याच्या आकाराची. चौकोनी पट्टी लावली तर तिच्या सरळ कडेला लागूनच नवी चीर येते. 7018 चा पुडा पावसाळ्यात उघडा पडलेला असेल तर रॉड 300 ते 350 अंशांवर तासभर भाजून घ्यावा लागतो. कोल्हापूरच्या हवेत ही बाब गमतीवारी नेण्यासारखी नाही: या ब्लेडचा एका टेकूचा टाका महिन्याभरात कडेनं उकलला, तो खरवडला तर आत बारीक बारीक छिद्रं. ओल्या रॉडचीच खूण. बाकीचे टाके हंगामभर जसेच्या तसे. आणि वेल्डिंग करताना ब्लेड ट्रॅक्टरपासून सोडवा, अर्थिंगचा चिमटा टाक्याजवळ लावा.

आता पातं. दीडशे मिमी रुंद, 12 मिमी जाड, दोन्ही कडांनी वापरता येणारं. जुने बोल्ट चौकोनी मानेचे, डोकं पात्यात बुडालेलं, त्यामुळं पाना नटालाच लावायचा. गंजलेला नट लाल होईस्तोवर तापवला की फिरतो. नवे 16 मिमीचे, 8.8 ग्रेडचे बोल्ट टाकून साधारण 200 न्यूटन-मीटरपर्यंत आवळले आणि पहिल्या दिवसाचं काम झाल्यावर परत आवळले. हा दुसरा आवळा महत्त्वाचा. रंग आणि गंज दबला की बोल्ट सैल पडतात.

ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्याचा तुकडा पातं म्हणून वेल्ड करून देतो, असं प्रत्येक गल्लीत सांगतील. लोखंड कडक असतं हे खरं. पण वेल्डिंगच्या शेजारी ते ठिसूळ होतं, गॅसनं पाडलेल्या भोकापासून तडकतं, आणि झिजल्यावर उलटून लावता येत नाही. आयतं बोल्टचं पातं महाग वाटलं तरी घ्यावं.

झीज कुठं किती होते हे जमिनीवर आहे. काळ्या रानात पातं नुसतं घासून चकचकीत होतं. मुरूम मात्र खातो, आणि पन्हाळा-शाहूवाडीकडच्या जांभ्यात तर त्याहून वाईट. पाणंदीच्या कामानंतर पुढं राहणारं टोक 15 मिमीपेक्षा जास्त झिजलं, मागचं टोक त्याच्या निम्म्यानंही नाही. म्हणून कोन अधूनमधून डावा-उजवा बदलत राहावं आणि पातं बोल्टच्या डोक्यांपर्यंत यायच्या आधी उलटावं. डोकी घासली गेली की बोल्ट निघता निघत नाहीत.

चालवण्याबद्दल थोडं. कोन 30 अंश ठेवला तर सात फुटी ब्लेड सहा फुटांचीच पट्टी काढतं, त्यामुळं मागच्या टायरांच्या बाहेरच्या कडा सहा फुटांच्या आत हव्यात. नाहीतर केलेल्या कामावरूनच टायर जातो. ड्राफ्ट लिव्हर (ओढीनुसार अवजार वर-खाली करणारा) बंद, काम पोझिशनवर (ठरलेल्या उंचीवर धरणाऱ्या लिव्हरवर). ड्राफ्टवर ठेवलं की ओढ वाढली रे वाढली लिफ्ट ब्लेड उचलते आणि रस्त्याला लाटा पडतात. टॉपलिंक (वरचा, लांबी बदलता येणारा दांडा) लांब केली की ब्लेडचा माथा मागं झुकतो, पातं पुढं येऊन चावतं. आखूड केली की ते नुसतं पसरत जातं. घट्ट मुरूम खरवडायला लांब, शेवटचा हात फिरवायला आखूड. पाणंदीला मध्ये उंचवटा ठेवायचा तर उजव्या लिफ्ट रॉडचा (लोअर लिंक उचलणाऱ्या दांड्याचा) दांडा फिरवून एक बाजू खाली घ्या. चेक चेन (लोअर लिंक डावी-उजवीकडं हलू न देणाऱ्या साखळ्या) ताणलेल्या, वेग ताशी 3 ते 5 किलोमीटर. यापुढं गेलं की ब्लेड उड्या मारायला लागतं आणि खडबडीत पट्ट्या उठतात. त्याच पट्ट्यांवरून परत गेलं की त्या आणखी खोल होतात. एकदा उठल्या तर कोन बदलून तिरकं कापत जायचं. ब्लेड टेकवून जोरात रिव्हर्स घेणं सक्त बंद, लोअर लिंक वाकते.

काळ्या रानात वाफसा नसेल तर हात लावू नये. ओली माती ब्लेडच्या पात्यावरच्या वाकड्या पत्र्याला चिकटते, गोळा होतो, पुढं ढकललाच जात नाही. आणि पत्र्याची आतली बाजू रंगवू नका: रंग अर्धा सुटला, अर्धा राहिला की माती तिथंच धरते. घासून गुळगुळीत झालेला पत्रा सगळ्यात चांगला. काम संपलं की धुऊन जळकं ऑइल फासायचं, लाकडी ओंडक्यांवर टेकवायचं.

हंगामअखेर टोकाची ढिलाई परत मोजली: 3 मिमी. किंगपिनला रोज काम सुरू करताना ग्रीस दिलेलं आहे. चकतीच्या 25 मिमीच्या भोकांपैकी सरळ रेषेतलं आणि 30 अंशांचं, ही दोन किंचित मोठी झालीत, बाकीची तशीच. लोअर लिंकच्या डाव्या गोळ्याचं काम पुढच्या पावसाळ्याआधी करावं लागेल, पण ते खातं ट्रॅक्टरचं.